उसवलेल्या माश्या

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत रॉस्को नावाचं छोटंसं गाव आहे. बीव्हरकिल आणि विलोविमॉक या ट्राउट माशांसाठी नावाजलेल्या दोन नद्यांचा तिथे संगम होतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या वॉल्ट डेट नावाच्या तरुणाने रूब क्रॉस या नामांकित कारागिराला गळाच्या माश्या बांधायला शिकवण्याची गळ घातली. क्रॉसने साफ नकार दिला. मग वॉल्टने त्याच्याच ५० डॉलरच्या माश्या विकत घेतल्या, आणि पत्नी विनी व मित्र हॅरी डार्बी यांच्यासह त्या एकेक करून उसवल्या. शेवटची गाठ आधी सुटते, मग मानेभोवतीचं पीस, मग त्याखालचं सगळं. कशावर काय चढवलंय हे उलट्या क्रमाने समोर येत गेलं. पुढे डेट आणि डार्बी ही दोन्ही घराणी या कलेत क्रॉसच्या बरोबरीने घेतली जाणारी नावं झाली.

या माश्या म्हणजे गळावर धागा, लोकर आणि पिसं गुंडाळून केलेले नकली किडे. खऱ्या किड्याला माणसाचा हात लागला की त्याचा रंग विटतो, पंख सुकतात, हे मॅसेडोनियातल्या कोळ्यांना फार पूर्वीच उमगलं होतं. इसवी सन २००च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने त्यांची युक्ती नोंदवली आहे. गळावर लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गलोलीखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं त्यावर बसवायची. काठी सहा फुटांची, दोरही तेवढाच. एवढ्या मजकुरावरून आजही कोणी ती माशी बांधू शकेल.

इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका प्रबंधात बारा माश्यांची कृती आहे. १६७६ साली चार्ल्स कॉटनने आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध पुस्तकाला दुसरा भाग जोडला. त्यात गुरू-शिष्याचा संवाद आहे आणि गुरू शिष्यासमोर बसून माशी बांधून दाखवतो. पाककृतीच्या पुस्तकांसारखीच इथेही अडचण होती. ‘थोडी लोकर घ्या’ म्हटलं तर थोडी म्हणजे किती? नवशिक्याचा हात नेहमी जास्तच घेतो.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सॅमन माशांसाठीच्या माश्या इतक्या नटल्या, की मासा त्या बघून लाजला असेल. जॉर्ज केल्सनने १८९५ साली त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. दक्षिण अमेरिकेतला टूकन, चीनचा सोनेरी फेझंट अशा पक्ष्यांची पिसं एकेका गळावर चढत. त्यात एक पीस आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याचंही असे: राखी रानकोंबड्याचं. त्याच्या मानेवरच्या पिसांना पांढुरके-पिवळसर, लाखेच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. माशीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना हे ठिपके बसवले की डोळे झाले. त्यासाठी भारतातून या कोंबड्यांच्या माना सोललेल्या कातडीसकट ब्रिटनला जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही निर्यात बंद झाली, आणि पिसांसाठी हे कोंबडे तिकडेच पाळले जाऊ लागले. पहाटे रानात ओरडणाऱ्या या पक्ष्याचं नाव स्कॉटलंडमधल्या गळांच्या पेटीत घेतलं जातं, हे सह्याद्री पालथा घालणाऱ्यांतही थोड्यांनाच ठाऊक असेल.

माश्या टपालानेही शिकवत गेल्या. १८९० साली कॅट्सकिलमधल्या नेव्हरसिंक नदीवर मासेमारी करणाऱ्या थिओडोर गॉर्डनला इंग्लंडहून पत्र आलं. सोबत पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांचा संच होता. पाठवणारा होता फ्रेडरिक हॅलफर्ड, तरंगत्या माश्यांवरचा त्या काळचा शेवटचा शब्द. पण हॅलफर्डचं पाणी संथ, चुनखडीच्या झऱ्यांचं. गॉर्डनचं खडकांवरून उसळणारं. किडेही वेगळे. त्या नाजूक माश्या तिथल्या खळाळात टिकणाऱ्या नव्हत्या. गॉर्डनने कल्पना ठेवली आणि माशी बदलली: मानेला ताठ पिसं, पंखांना वूड डक या बदकाच्या कुशीतलं पीस, अंगाला मोरपिसाचा सोललेला दांडा. ‘क्विल गॉर्डन’ या नावाने ती आजही बांधली जाते. नमुना हुबेहूब उतरवला असता तर आज गॉर्डनचं नाव कोणाला आठवलं असतं? त्याच्या नदीचा बराच भाग मात्र पुढे धरणाखाली गेला. न्यूयॉर्क शहर ते पाणी पितं.

क्रॉसच्या माश्या उसवणाऱ्या हॅरी डार्बीने तर पिसांच्या मुळालाच हात घातला. हव्या त्या निळसर राखाडी छटेची पिसं बाजारात मिळेनात, म्हणून त्याने कोंबडे पाळले, आणि त्या वाणाची अंडी मिनेसोटातल्या अँडी माइनरला दिली. माश्यांसाठीच्या कोंबड्यांची पुढची व्यापारी पैदास बरीचशी या अंड्यांवर उभी राहिली.

उसवून शिकण्याची रीत स्कॉटलंडमध्येही होती. ब्रोराजवळच्या मेगन बॉइड या मुलीला बॉब ट्रसलर या रखवालदाराने जुन्या माश्या उसवायला लावल्या आणि तेच सामान छोट्या गळावर पुन्हा बांधायला सांगितलं. गळ लहान झाला की फसवेगिरीला जागा उरत नाही. मेगनने हयातभर माश्या बांधल्या. तेव्हाचा राजपुत्र चार्ल्सही तिचं गिऱ्हाईक होता. तिने स्वतः मात्र एकही मासा धरला नाही. १९७१ साली तिला पदक जाहीर झालं, तेव्हा कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून ती राणीच्या समारंभाला गेली नाही.

आज नवशिक्यांमध्ये अदलाबदलीचा रिवाज आहे. बारा जण असतील तर प्रत्येकाने एकाच प्रकारच्या बारा माश्या बांधायच्या आणि एका मध्यस्थाकडे पाठवायच्या. परत येताना प्रत्येकाच्या पाकिटात बारा हातांच्या बारा माश्या. गळाच्या टोकाला कागदाची चिठ्ठी खोचलेली असते. तिच्यावर बांधणाऱ्याचं आणि माशीचं नाव असतं. बारा माश्यांतली पहिली आणि बारावी शेजारी ठेवली की त्या एकाच माणसाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. पहिल्या दोन-तीन माश्यांत हमखास एक चूक होते: धागा आणि पिसं पुढे सरकत गळाचं नेढंच बुजवून टाकतात. कुठे माशी शिंकली हे कळतं ते नदीकाठी, दोर ओवायला गेल्यावर. मग दाढीचं पातं घेऊन नेढं मोकळं करावं लागतं, आणि त्या नादात अर्धी माशी उसवते.