आयर्लंडमधील गृहनिर्माण : सदनिका आणि ग्रामीण घरे

आयर्लंडमध्ये दर दहांपैकी सुमारे नऊ नागरिक स्वतंत्र किंवा जोडघरांत राहतात. २०२२ मध्ये हे प्रमाण युरोपीय संघात सर्वाधिक होते.

ग्रामीण भागात स्वतःच्या जमिनीवर सुटे घर बांधण्याची प्रथा तेथे रूढ आहे. जॅक फिट्झसिमन्स यांच्या १९७१ मधील ‘बंगलो ब्लिस’ या घरांच्या आराखड्यांच्या पुस्तकाने तिला चालना दिली. आईवडिलांच्या शेताशेजारी घर बांधणे हा अनेक कुटुंबांना आपला हक्क वाटतो.

मात्र अशा विखुरलेल्या घरांना रस्ते, वीज व टपालसेवा पुरविणे खर्चिक ठरते. सांडपाण्यासाठी सहसा सेप्टिक टाकीवर अवलंबून राहावे लागते. या व्यवस्थेतील त्रुटींबद्दल युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये आयर्लंडविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर २०१२ च्या कायद्याने टाक्यांची नोंदणी बंधनकारक झाली.

२०१८ च्या राष्ट्रीय नियोजन आराखड्यात ४० टक्के नवी घरे विद्यमान वस्त्यांच्या हद्दीतच उभारण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. शहरांलगतच्या ग्रामीण भागात सुट्या घराच्या परवानगीसाठी तेथे राहण्याची आर्थिक वा सामाजिक गरज सिद्ध करण्याचे तत्त्वही त्यात होते.

सदनिकांबाबतचा अनुभव मात्र सर्वत्र समाधानकारक नव्हता. डब्लिनमधील प्रायरी हॉल हे संकुल अग्निसुरक्षेतील दोषांमुळे २०११ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने रिकामे करण्यात आले. तेथील घरमालकांच्या गृहकर्जाचा प्रश्न २०१३ मध्ये सुटला. त्यामुळे ग्रामीण बांधकामावर निर्बंध घालतानाच सदनिकांच्या दर्जाची खात्री देणे शासनासाठी तितकेच महत्त्वाचे ठरते.