परळचे उपचार आणि ठाकूरद्वारची बिऱ्हाडे : कर्करोगोत्तर जीवनाच्या इतिहासाविषयी एक टिपण

मुंबईतील कर्करोगचिकित्सेचा इतिहास सामान्यतः २८ फेब्रुवारी १९४१ पासून, म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या उद्‌घाटनापासून, सांगितला जातो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही वारले. आणि त्यांच्या न्यासाच्या द्रव्यातून ऐंशी खाटांचे हे रुग्णालय उभे राहिले. डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे विकृतिशास्त्रीय संशोधन, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांची शस्त्रक्रिया, १९६२ मधील अणुशक्ती खात्याकडे झालेले हस्तांतर ही त्यापुढील प्रकरणे होत. ही मांडणी चुकीची नव्हे, परंतु अपुरी आहे. रुग्णालयाचा दरवाजा हीच तीत इतिहासाची सीमा ठरते. रुग्ण त्या दरवाजाबाहेर पडला, की कागदपत्रांतूनही नाहीसा होतो. उपचाराने देहात जे मागे ठेवले, त्याच्याशी त्याने पुढे कसा संसार केला, याचा शोध सहसा घेतला जात नाही.

हा शोध बिऱ्हाडांतच घ्यावयास हवा, आणि त्या दृष्टीने गिरगावातील ठाकूरद्वाराचा परिसर उपयुक्त आहे. येथील चाळींची रचना सर्वपरिचित आहे : एक किंवा दोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी, टोकाला मजल्यावरील सर्वांसाठी मोजके संडास, आणि ठरावीक वेळी येणारे नळाचे पाणी. कोकणातून उपचारासाठी आलेला आप्तही अशाच खोलीत उतरावयाचा. किरणोपचार आठवड्याचे पाच दिवस व कित्येक आठवडे चालत असल्याने तो पाहुणा न राहता घरचा होई.

खानोलकरांनी तंबाखू चघळण्याच्या सवयीचा आणि मुखाच्या कर्करोगाचा संबंध तपासला, हे प्रसिद्ध आहे. त्या रुग्णाच्या जबड्यावर किरण दिले, की लाळग्रंथी निकामी होतात. ही कोरड बहुधा वर्षानुवर्षे टिकते. दात किडतात, जबडा आखडतो, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. भाकरी, तळलेला मासा, लोणचे हे सारे एकाएकी परके होते. मग निराळी पेज, ताकात कालवलेला मऊ भात, गाळलेले वरण असा स्वयंपाक सुरू होतो. तो एका ताटापुरता असला, तरी त्याला रॉकेल आणि वेळ लागत असे. आणि हा भार घरातील स्त्रीवर पडे. उपचाराच्या खर्चाच्या कोणत्याही हिशेबात हा भार धरलेला आढळत नाही.

गुदाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर कृत्रिम मलद्वार घेऊन जगणाऱ्याची अडचण याहून बिकट होती. ज्या मजल्यावर सकाळी संडासापुढे रांग लागते, तेथे पिशवी बदलणे व धुणे ही शरीरापेक्षा लज्जेची परीक्षा ठरे. चाळीतील शेजार आजारपणात धावून येतो, हे खरे. पण तोच शेजार काही लपवूही देत नाही. हॅल्स्टेडच्या पद्धतीने स्तन, त्याखालील स्नायू व काखेतील गाठी काढलेल्या स्त्रीच्या हाताला पुढे सूज येई. त्या हाताने जड उचलू नये असा सल्ला असे. परंतु पहाटेचे पाणी भरणे कोणाच्या वाट्याला होते, हे सांगावयास नको.

संस्थांनी या प्रश्नाकडे क्रमाने, काहीशा उशिरा, लक्ष दिले. १९५१ मध्ये डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली. १९६३ साली तिने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. या नोंदणीने रोगी आणि मृत्यू मोजले. कोरडे तोंड किंवा सुजलेला हात मोजण्याचे तिचे प्रयोजनच नव्हते. १९८६ मध्ये वांद्रे येथे डॉ. डिसूझा यांचा शांती अवेदना आश्रम निघाला. दरम्यान एमसीपी-८४१ या औषधक्रमामुळे रक्तकर्करोगातून वाचणाऱ्या बालकांचे प्रमाण ठळकपणे वाढले, आणि १९९१ मध्ये टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले. तेथे हृदय, वाढ, प्रजननक्षमता यांवर औषधांचे उशिरा दिसणारे परिणाम तपासले जातात. मरणोन्मुखांची सोय बरे झालेल्यांच्या आधी झाली, हा क्रम लक्षणीय आहे. बरा झालेला माणूस हा वैद्यकाचा विषय राहतो, हे मान्य होण्यास पन्नास वर्षे लागली.

२००१ नंतर इमॅटिनिबसारख्या गोळ्या आल्या आणि उपचार ‘संपणे’ हीच कल्पना ढिली झाली. रोजची गोळी, पायांत येणारे गोळे, डोळ्यांभोवतीची सूज हे मधुमेहाप्रमाणे नित्याचे झाले. यास्तव ‘उपचारकाल’ आणि ‘उत्तरकाल’ असे जुने विभाग या रुग्णांना लागू करता येत नाहीत.

या इतिहासाची साधने मुख्यतः मौखिक आहेत : पथ्याच्या वह्या, जपून ठेवलेल्या केसपेपरांच्या फायली, आणि सेवा केलेल्या सुना-मुलींच्या आठवणी. मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती पाडण्यात आल्या. इतर चाळींचा पुनर्विकास चालू आहे, आणि अनेक कुटुंबे त्यापूर्वीच डोंबिवली, विरारकडे पांगली आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत या खोल्यांतून रुग्णसेवा केलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत.