चार चाकी चालनाच्या ट्रकांतील आसगुणोत्तरे

चार चाकी चालन असलेल्या ट्रकात एंजिनाची शक्ती ट्रान्स्फर केसमधून दोन प्रॉपेलर शाफ्टांद्वारे पुढील व मागील आसांना दिली जाते. प्रत्येक आसात लहान पिनियन मोठ्या क्राउन चक्रास फिरविते. क्राउन चक्राच्या दात्यांच्या संख्येस पिनियनच्या दात्यांच्या संख्येने भागले असता त्या आसाचे दंतगुणोत्तर मिळते. दोन्ही शाफ्ट परस्परांस जखडलेले असताना ही गुणोत्तरे भिन्न असल्यास पुढील व मागील चाके निरनिराळ्या वेगांनी फिरू पाहतात. परंतु ती एकाच वाहनास जोडलेली असल्याने काही चाकांना जमिनीवर घसरावेच लागते. चिखलात वा वाळूत ही घसर सहज घडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ती सहज होत नसल्याने शाफ्ट व दाते यांत पीळ साठतो, टायर झिजतात, चालन सोडविण्याचा दांडा जड होतो आणि प्रसंगी एखादा भाग मोडतो.

गुणोत्तरे समान असली, तरी वळणावर पुढील चाकांचा मार्ग मागील चाकांच्या मार्गापेक्षा लांब असतो. म्हणून ही अडचण आरंभीच्या अभिकल्पकांनाही जाणवली होती. अमेरिकेतील क्लिंटनव्हिल (विस्कॉन्सिन) येथील एफ. डब्ल्यू. डी. कंपनीने पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सैन्याला पुरविलेल्या ट्रकांत दोन आसांच्या दरम्यान डिफरन्शियल असे व गरजेनुसार ते जखडता येई. दुसऱ्या महायुद्धातील विलीझ जीपमध्ये (१९४१) अधिक साधा मार्ग स्वीकारला गेला. दोन्ही आसांत ३९ व ८ दात्यांची एकच जोडी, म्हणजे सु. ४·८८ हे गुणोत्तर होते आणि पक्क्या रस्त्यावर पुढील चालन सोडविता येई. लँड रोव्हरच्या १९४८ च्या गाडीत पुढील चालनात फ्रीव्हील बसविलेले होते, तर १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये मध्यवर्ती डिफरन्शियल आले.

महायुद्धानंतर नागरी वापराच्या अमेरिकन ट्रकांत पुढील व मागील आस वेगवेगळ्या घडणीचे येऊ लागले. गुणोत्तर हे पूर्णांकांचा भागाकार असल्याने अशा आसांत ते तंतोतंत जुळेलच असे नाही. १९७० च्या दशकातील फोर्ड एफ-२५० ट्रकात पुढील डॅना ४४ आसात ४५ व ११ दाते (४·०९), तर मागील डॅना ६० आसात ४१ व १० दाते (४·१०) असत. हा फरक दर किलोमीटरला सु. २·२ मी. घसरीएवढाच आहे. हलक्या ट्रकांत पुढे ३·५४ व मागे ३·५० अशी जोडीही आढळे. तेथे ही घसर सु. ११ मी. होते. पुढील चालन केवळ निसरड्या जमिनीवर वापरावयाचे, या गृहीतावर कारखान्यांनी असा फरक चालवून घेतला.

हे गृहीत सुटले की धोका उद्‌भवतो. दुरुस्तीच्या वेळी ४·०९ च्या आसाबरोबर ३·७३ चा आस बसविल्यास फरक सु. १० टक्के, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ १०० मी. होतो. पुढील व मागील टायरांचा घेर भिन्न असल्यासही हाच परिणाम होतो. शेतीच्या ट्रॅक्टरांत पुढील चाके काही टक्के अधिक वेगाने फिरतील अशी योजना हेतुपुरस्सर केलेली असते. तथापि तीही मऊ जमिनीसाठीच होय. यास्तव एका आसाचे गुणोत्तर बदलताना दुसऱ्याचेही तदनुरूप बदलणे अगत्याचे ठरते.