कोरियातील दुर्ग व युद्धेतिहास

चीन व जपान यांच्या दरम्यान असलेल्या कोरियन द्वीपकल्पाचा सु. ७०% भाग डोंगराळ आहे. उत्तरेकडून येणारी सैन्ये यालू नदी ओलांडून प्याँगयांग व काएसाँगमार्गे सेऊलकडे उतरत; जपानमधून येणारी बुसानला उतरून मध्यवर्ती खिंडींतून वर चढत. दोन्ही वाटा हान नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या राजधानीजवळ, एकमेकींस मिळतात. कोरियाचा लष्करी इतिहास बव्हंशी या वाटांचा आणि त्यांच्या बाजूच्या डोंगरांवर बांधलेल्या दुर्गांचा इतिहास होय.

कोरियन गिरिदुर्गास ‘सान्सोंग’ (सान-डोंगर, सोंग-तटबंदी) म्हणतात. त्याचे सामान्यतः दोन प्रकार आढळतात. एकात शिखराभोवती कडे घातल्यासारखा तट असतो. दुसऱ्यात तट लगतच्या शिखरांवरून फिरवून मधले खोरेच आत घेतलेले असते. दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा. कारण त्यात झरे, शेते, कोठारे व वस्ती यांना जागा मिळे आणि प्रसंगी आसपासच्या गावांतील लोकही सामावत. तटाबाहेर काढलेल्या चौकोनी बुरुजांवरून पायथ्याशी भिडलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता येई. दरवाजापुढे अर्धवर्तुळाकार आडभिंत असे आणि रसद व निरोप यांसाठी बाहेरून सहसा न दिसणारे चोरदरवाजे ठेवलेले असत. सिल्ला राज्याने इ. स. ४७० मध्ये बांधलेला बोउन येथील दुर्ग पुरा होण्यास तीन वर्षे लागली, म्हणून त्यास ‘साम्न्योन सान्सोंग’ (तीन वर्षांचा गिरिदुर्ग) असे नाव मिळाले.

या दुर्गांमागील युद्धनीती साधी व कठोर होती. शत्रू येताच शेते व कोठारे रिकामी करावयाची, उरलेले जाळावयाचे, लोकांनी धान्यासह गडावर जावयाचे आणि थंडी व उपासमार यांनी शत्रू मागे फिरेपर्यंत तट राखावयाचा. तिचे यश तीन गोष्टींवर अवलंबून असे : गडावर पुरेसे धान्य, बाहेरून येणारी कुमक आणि पुढे सरकलेल्या शत्रूच्या रसदमार्गावर छापे घालण्याची तयारी. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी अभेद्य दुर्गही निरुपयोगी ठरत असे.

ही नीती सर्वाधिक यशस्वी केली ती कोगुर्यो राज्याने. त्याच्या राजधानीच्या रचनेत सपाटीवरील नगर व जवळचा गिरिदुर्ग अशी जोडी दिसते. यालूकाठचे कुन्ने व त्यामागील ह्वान्दो हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. ४२७ मध्ये राजधानी प्याँगयांगला नेल्यावरही जवळचा तेसोंग गिरिदुर्ग होताच. ६१२ मध्ये स्वे (स्वी) सम्राट यांग याने कोगुर्योवर स्वारी केली. चिनी बखरीत त्याचे सैन्य ११,३३,८०० दिले आहे. आकडा अतिशयोक्त असला, तरी स्वारी प्रचंड होती यात संशय नाही. लिआउ नदीपलीकडील दुर्ग महिनोन्महिने हाती न आल्याने सम्राटाने ३,०५,००० सैनिकांची वेगळी फौज थेट प्याँगयांगवर धाडली. कोगुर्योचा सेनापती उल्जी मुन्दोक याने तिला माघारीचे नाटक करीत आत ओढले आणि परतीच्या वाटेवर साल्सू नदीवर तिचा फडशा पाडला. त्याच बखरीनुसार २,७०० माणसे परतली. पुढे ६४५ मध्ये थांग सम्राट थाय-त्सुंग याने आन्सी दुर्गाला वेढा घातला. तटाहून उंच मातीचा ढिगारा उभारण्याचे काम सु. साठ दिवस चालले. पण तो खचून तटावरच कोसळला व दुर्गरक्षकांनी बाहेर पडून तोच बळकावला. थंडी पडू लागली, धान्य संपत आले, आणि सम्राट परतला. या दुर्गाच्या किल्लेदाराचे नाव समकालीन साधनांत नाही. ‘यांग मान-छुन’ हे नाव नंतरच्या परंपरेतले आहे.

कोगुर्योचा अंत मात्र तट फुटून झाला नाही. सत्ताधीश योन केसोमुन याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांत वितुष्ट आले, थोरला मुलगा थांग सम्राटाला जाऊन मिळाला आणि ६६८ मध्ये प्याँगयांग पडले.

कोर्यो राजवटीत (९१८–१३९२) खितान टोळ्यांशी झालेल्या युद्धांत, विशेषतः १०१९ मध्ये कांग काम-चान याने क्वीजू येथे मिळविलेल्या विजयात, जुनी नीती पुन्हा फळास आली. १०३३ ते १०४४ दरम्यान उत्तर सीमेवर ‘सहस्र ली’ची भिंत बांधण्यात आली. मंगोलांपुढे हे सारे अपुरे पडले. पहिल्या स्वारीनंतर १२३२ मध्ये दरबार कांग्ह्वा बेटावर गेला व १२७० पर्यंत तेथेच राहिला. लोकांना डोंगरांवर व बेटांवर जाण्याचे हुकूम सुटले. समुद्राने राजाचे रक्षण केले. मुलूख उघडा पडला. एकट्या १२५४ मध्ये मंगोलांनी २,०६,८०० हून अधिक लोक कैद करून नेल्याची नोंद कोर्योच्या इतिहासात आहे. या काळातील सर्वांत उल्लेखनीय प्रतिकार दरबारी सैन्याने नव्हे, तर दुर्लक्षित लोकांनी केला. १२३२ मध्ये छोइन या लहानशा मातीच्या गढीत किम युन-हू नावाच्या भिक्षूच्या नेतृत्वाखाली हीन मानल्या गेलेल्या वस्तीतील लोक लढले आणि मंगोल सेनापती सार्ताक बाणाने मारला गेला. १२५३ मध्ये याच किमने छुंगजू सत्तर दिवस राखले. वेढ्यात धान्य संपत आले तेव्हा त्याने गुलामांच्या नोंदवह्या जाळून टाकल्या व लढणाऱ्या प्रत्येकाला पद देण्याचे वचन दिले.

चोसन राजवटीने (१३९२–१९१०) सेऊलभोवती १३९६ मध्ये सु. १८.६ किमी. लांबीचा तट बांधला. तो राजधानीची शान वाढविणारा होता; तो लढविण्याइतकी शिबंदी मात्र क्वचितच असे. १५९२ मध्ये जपानी सैन्य बुसानला उतरले आणि सु. वीस दिवसांत सेऊलमध्ये शिरले. सेनापती शिन रिप याने चोर्योंगची अरुंद खिंड सोडून छुंगजूजवळच्या मैदानात घोडदळानिशी लढणे पसंत केले. बंदूकधारी जपान्यांनी त्याची फौज नष्ट केली. खिंडीत दरवाजा बांधण्यात आला तो १५९४ मध्ये, शत्रू तीतून गेल्यावर दोन वर्षांनी. तथापि जेथे तट, तोफा व निर्धार एकत्र आले तेथे चित्र वेगळे दिसले. १५९२ मध्ये किम शि-मिन याने सु. ३,८०० सैनिकांनिशी जिंजू राखले. पुढील वर्षी क्वॉन युल याने हान नदीकाठच्या हेंगजू येथे हल्ल्यामागून हल्ले परतविले. मात्र १५९३ मधील दुसऱ्या वेढ्यात जिंजू पडले, तेव्हा आश्रयास आलेले नागरिकही शिबंदीबरोबर कापले गेले. युद्धाला खरे वळण ॲडमिरल ई सुन-शिन याच्या आरमाराने दिले. हान्सान येथील विजयामुळे (१५९२) पीत समुद्रातून उत्तरेस रसद नेण्याचा जपानी बेत फसला. मिंग चीनच्या मदतीने देश वाचला. पण त्या मदतीचे ऋण चोसन दरबाराला पुढे फार जड गेले.

मांचूंचा उदय होत असता त्या ऋणामुळेच दरबार मिंग घराण्याशी एकनिष्ठ राहिला. १६२७ मध्ये एक स्वारी होऊन गेली होती. सेऊलच्या आग्नेयीस सु. २५ किमी.वर नाम्हान सान्सोंग हा दुर्ग १६२४–२६ मध्ये नव्याने बांधून काढलेला होता. त्याचा मुख्य तट व उपतट मिळून सु. १२ किमी. भरतात. १६३६ च्या हिवाळ्यात छिंग सम्राट होंग थायजी याच्या घोडदळाने गोठलेली यालू ओलांडली. सीमेवरील बेंग्मा गिरिदुर्गात इम ग्योंग-ओप हा जाणता सेनानी सज्ज होता; शत्रूने त्याला बाजूस ठेवले आणि जेमतेम आठवड्याभरात सेऊल गाठले. दुर्ग डोंगरावर आणि शत्रू रस्त्यावर, अशी ही स्थिती होती. कांग्ह्वाची वाट बंद झाल्याने राजा इन्जो सु. १३,००० सैनिकांसह नाम्हानमध्ये गेला. आत सु. पन्नास दिवसांचेच धान्य होते. कुमकेस आलेल्या प्रांतिक फौजा एकेकट्या गाठून पिटाळल्या गेल्या. दुर्गात दरबार दुभंगला. मंत्री छ्वे म्योंग-गिल याने लिहिलेले शरणागतीचे पत्र किम सांग-होन याने फाडले. छ्वेने तुकडे गोळा करून ते पुन्हा जोडले. युद्धवादी किमचा गौरव कोरियन परंपरेत अधिक झाला असला, तरी आतील कोठारांची स्थिती पाहता छ्वेचा हिशोब अधिक खरा होता, असे म्हणणे भाग आहे. कांग्ह्वा पडून तेथील राजकुटुंबीय शत्रूच्या हाती लागल्याची वार्ता आली, आणि ४७ दिवसांनी, फेब्रुवारी १६३७ मध्ये, राजा तटाखाली उतरून साम्जोन्दो येथे सम्राटापुढे नतमस्तक झाला. दुर्ग हल्ल्याने कधीच पडला नाही. युवराज ओलीस म्हणून गेला आणि हजारो सामान्य स्त्रीपुरुष मुक्देनकडे नेले गेले. खंडणी भरून परतलेल्या स्त्रियांना अनेक कुलीन घरांनी स्वीकारले नाही. त्यांना सोडचिठ्ठी देता यावी की नाही, यावर दरबारात वाद झाला. दुर्गाच्या इतिहासात ही बाजू सहसा नोंदली जात नाही.

या अनुभवानंतर दक्षिणेतही दुर्ग उभे राहिले. देगूच्या उत्तरेकडील कासान हा १६४० चा. परंतु विचारात खरा बदल दिसतो तो राजा चोंगजो याने १७९४–९६ मध्ये सुवॉन येथे बांधलेल्या ह्वासोंगमध्ये. येथे लोकांनी नगर सोडून डोंगरावर जाण्याऐवजी नगरच लढविण्याजोगे केले आहे. सु. ५.७ किमी.च्या या तटात दगडाबरोबर विटांचा वापर, तोफांसाठी बुरूज व पोकळ मनोरे आढळतात. आराखड्यात विद्वान चोंग याग-योंग याचा वाटा असून त्याने कप्पीयुक्त यारी योजली. मजुरांना वेतन दिले गेले. बांधकामाचा तपशीलवार सचित्र अहवाल १८०१ मध्ये छापण्यात आला आणि १९७५–७९ मधील जीर्णोद्धार त्याच्याच आधारे झाला. ह्वासोंगवर त्या काळी शत्रू आलाच नाही. पुढचे आघात समुद्राकडून झाले : १८६६ मध्ये फ्रेंच आणि १८७१ मध्ये अमेरिकन तुकड्या कांग्ह्वावर उतरल्या. १८७१ मध्ये क्वांगसोंग येथील शिबंदी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली, कोरियनांचे सु. २४० मृत मोजले गेले, अमेरिकनांचे तीन. १८७६ मध्ये जपानने त्याच बेटावर तह लादला व १९१० मध्ये देश गिळला.

१९४५ नंतर द्वीपकल्पाची फाळणी झाली. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचे सैन्य जुन्याच वाटांनी आले व तीन दिवसांत सेऊल पडले. त्या सप्टेंबरात देगूपासून सु. १६ किमी.वरील कासानचा तटबंद माथा उत्तर कोरियनांनी घेतला आणि तेथून अमेरिकनांना मागे रेटले. तीन शतकांपूर्वीच्या दुर्गाची जागा तोफांच्या युगातही अचूक ठरली. १९५०–५१ मध्ये सेऊल चार वेळा हातबदल झाले. २७ जुलै १९५३ च्या युद्धविरामाने सु. २५० किमी. लांब व ४ किमी. रुंद असा निर्लष्करी पट्टा निर्माण झाला. स्वदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी या पट्ट्यात भारतीय रक्षक दलाच्या ताब्यात होते. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या व दलाचे प्रमुख मराठी सेनानी मेजर जनरल शं. पां. थोरात हे होते. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाऊल ठेवू नये असा दक्षिण कोरियाचा हट्ट असल्याने त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने पट्ट्यात नेण्यात आले. शांतता तह अद्याप झालेला नाही.

आधुनिक पूर्व आशियाच्या सुरक्षाव्यवस्थेत जुना पेच नव्या रूपात दिसतो. सेऊल निर्लष्करी पट्ट्यापासून सु. ५० किमी.वर असून दक्षिण कोरियाची सु. निम्मी लोकसंख्या राजधानीच्या परिसरात राहते. तिला गडावर नेता येत नाही. त्यामुळे भर आहे तो बाहेरच्या कुमकेच्या हमीवर : १९५३ चा अमेरिकेशी संरक्षण करार, सु. २८,५०० अमेरिकन सैनिक आणि १९७८ पासूनचे संयुक्त सेनाधिपत्य. २०१८ मध्ये अमेरिकन मुख्यालय सेऊलच्या योंगसानमधून दक्षिणेस प्योंगथेकला, तोफांच्या टप्प्यापलीकडे, हलविण्यात आले. नागरिक अर्थातच तेथेच राहिले. उत्तर कोरियाने पट्ट्याखाली खणलेले चार बोगदे १९७४ ते १९९० दरम्यान सापडले. २००६ ते २०१७ दरम्यान त्याने सहा अणुचाचण्या केल्या. कुमकेची किंमतही पूर्वीसारखीच द्यावी लागते. २०१७ मध्ये सोंगजू येथे अमेरिकन क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसविताच, तिचे रडार आपल्या प्रदेशात डोकावते म्हणून चीनने दक्षिण कोरियावर आर्थिक दडपण आणले. तणाव कमी करण्यासाठी दोन्ही कोरियांनी २०१८ मध्ये केलेला लष्करी करार २०२४ मध्ये पूर्णतः स्थगित झाला, आणि त्याच वर्षी उत्तर कोरियाने रशियाशी परस्पर-साहाय्याचा तह करून त्याच्या युद्धासाठी सैन्यही पाठविले.

दुर्गांचे अवशेषही या राजकारणातून सुटलेले नाहीत. कोगुर्योच्या वास्तू २००४ मध्ये उत्तर कोरिया व चीन यांच्या नावे स्वतंत्रपणे जागतिक वारसा यादीत आल्या. ते राज्य चीनचे प्रादेशिक राज्य होते, या चिनी मांडणीवर दोन्ही कोरियांत संताप उसळला. यालूकाठचा हुशान येथील तट चीन आपल्या महाभिंतीचे पूर्व टोक मानतो. कोरियन अभ्यासकांच्या मते तो कोगुर्योचा पाक्चाक दुर्ग होय. नाम्हान सान्सोंग २०१४ मध्ये त्याच यादीत समाविष्ट झाला. राजाच्या शरणागतीनंतर साम्जोन्दोला १६३९ मध्ये उभारलेला छिंग विजयाचा शिलालेख आज सेऊलच्या दाट वस्तीत उभा आहे.