मदतनिधीतून उभी राहिलेली घरे

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्को शहरास भूकंपाचा हादरा बसला आणि त्यामागून भडकलेली आग तीन दिवस धुमसत राहिली. चार लाख वस्तीच्या त्या नगरात दोन लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. ठिकठिकाणांहून आलेला मदतनिधी माजी नगराध्यक्ष जेम्स फेलन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या हाती पडला. प्रथम तो अन्न, वस्त्र व तंबू यांवर खर्ची पडला.

परंतु तेथील हिवाळा पावसाचा. तंबूत तो निभणे कठीण, आणि वाचलेल्या घरांची भाडी आवाक्याबाहेर गेलेली. तेव्हा निधीचा मोठा हिस्सा निवाऱ्याकडे वळविण्यात आला. सप्टेंबर १९०६ ते मार्च १९०७ या अवधीत उद्यानांतून व मोकळ्या जागांतून ५,६१० लहान लाकडी घरे उभी राहिली. किंमत ५० डॉलर. महिना दोन डॉलर भरावे आणि ते किमतीत वळते व्हावेत, अशी व्यवस्था होती.

‘दान आमच्यासाठी आले, मग आम्हीच पैसे का भरावे?’ असा सवाल पीडितांतून उठला. तो गैर म्हणता येणार नाही. तथापि १९०८ पर्यंत ही घरे घोड्यांच्या गाड्यांवरून खाजगी जागांवर हलली आणि कित्येक जन्माचे भाडेकरू घरधनी झाले. ज्यांना जागेचीच ऐपत नव्हती, त्यांचा प्रश्न मात्र उरलाच. त्या घरांपैकी थोडी आजही उभी आहेत.