काडतूस, पुंगळी आणि दारू

'काडतूस' हा शब्द काडी आणि तूस यांची गाठ मारून झाला असावा, असं कुणालाही वाटेल. पण त्याचा खळ्याशी काही संबंध नाही. पोर्तुगिजांच्या 'कार्तुशु'चं ते मराठी रूप, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'कार्ता', म्हणजे कागद. पूर्वी मोजकी दारू आणि गोळी कागदाच्या गुंडाळीत बांधत. 1857 मध्ये शिपायांनी दातांनी फोडायला नकार दिला, ती एनफिल्डची काडतुसंही कागदीच होती. पुढे पितळ आलं, नाव तेच राहिलं. (2023 मध्ये ते 'फडतूस'ला यमक म्हणून राजकारणातही वाजलं!)

आपल्या वार्ताहरांच्या लेखी काडतुसाच्या अवस्था दोनच: 'जिवंत काडतूस' आणि 'रिकामी पुंगळी'. पुंगळी पुन्हा जिवंत करणं हा अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचा जुना घरगुती उद्योग. त्याला रिव्हॉल्वर सोयीचं, कारण त्यात पुंगळ्या उडून जात नाहीत, चक्रातच राहतात. जळकं प्रायमर, म्हणजे बुडाची ठिणगी देणारी टोपी, काढायचं, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मापावर आणायची, नवं प्रायमर बसवायचं, तोललेली दारू ओतायची, वर गोळी बसवून तोंड आवळायचं. ठासणीच्या बंदुकीत प्रायमरचं काम 'रंजक' करी, म्हणजे बंदुकीच्या कानात, बत्तीच्या छिद्रात, घातलेली बारीक दारू. या अर्थाने हा देखणा शब्द आता कोशातच उरला. 'ठासणे' मात्र भाषणांत टिकून आहे.

'दारू'ची गंमत वेगळीच. फारसीत दारू म्हणजे औषध. चिनी लोकही बंदुकीच्या दारूला 'अग्नि-औषध' म्हणतात. तिचा शोध औषधी रसायनांच्या खटपटीतूनच लागला. मराठीने हा एकच शब्द बाटलीलाही दिला आणि तोफेलाही, आणि संदर्भावरून कुणाची फसगत होत नाही.

दारू आणि गोळी तोलण्याचं माप मात्र बियांचं. 'ग्रेन' म्हणजे धान्याचा दाणा. आपल्या सोनाराची गुंज जवळपास दोन ग्रेनची. लक्ष्याच्या कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारी, सपाट तोंडाची 148 ग्रेनची 'वॅडकटर' गोळी म्हणजे साधारण 80 गुंजा. ती जाते 'थर्टी एट स्पेशल' या रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या पुंगळीत, पण तिचा व्यास 0.38 नव्हे, 0.357 इंचाच्या आसपास असतो. जुन्या थर्टी एटची गोळी पुंगळीच्या बाहेरच्या अंगाएवढी जाड असे. नंतर गोळी बारीक होऊन पुंगळीच्या आत गेली. आकडा कुणी बदलला नाही.