मूठभर धान्य

मी नेसरीचा. गावाचं नाव सांगितलं की लोकांना १६७४ सालचे प्रतापराव गुजर आणि सहा साथीदार आठवतात. मला हल्ली मूठभर धान्य आठवतं.

आमच्या कंपनीच्या सीएसआर निधीतून इकडच्या एका शाळेला संगणक दिले. यादी मीच केली होती. वर्षाने पाहिलं, तर खोकी बंदच. विजेचं बिल कोण भरणार, हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

शाहू महाराजांच्या कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले भाऊराव पाटील पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. १९१९मध्ये त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवत. त्यांच्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं आणि घरोघरी मूठभर धान्य बाजूला पडू लागलं. त्यालाच मुष्टिफंड म्हणत. मूठ देणाऱ्या घराला ती शाळा आपली वाटे.

यंदा मी यादी न करता पालकांच्या बैठकीत बसलो आणि बिलाचं विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पिठाच्या गिरणीवाले मामा म्हणाले, "निम्मं माझ्याकडं लावा. उरलेलं कोण घेतंय?"